ओळीच्या शेवटचं झाड

खाण तशी माती म्हणतात, पण ज्याने ही म्हण काढली त्याने सफरचंदाचं बी कधी पेरलेलं नसावं. गोड फळाचं बी लावलं तरी उगवतं ते आंबट, आणि लालबुंद फळाच्या पोटी हिरवं खुजं निघतं. एकाच फळातल्या बिया, पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. आईवर गेलंय म्हणावं तर आई हात वर करते, बापावर म्हणावं तर बाप ओळख देत नाही, आणि मध्येच कुठल्याशा विसरलेल्या पणजीचा आंबटपणा डोकं वर काढतो. म्हणून तर फळांच्या नव्या जाती काढणारी केंद्रं चालतात. हजारो रोपं लावायची, वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि त्यातलं एखादं हवं तसं निघालं तर नशीब म्हणायचं. अशाच एका केंद्रावर चिमटेकाकांचं उभं आयुष्य गेलं.

चिमटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शर्टाच्या खिशात कायम एक बारीक टोकाचा चिमटा असायचा, त्यावरून पडलेलं नाव. कामच तसं होतं. वसंत आला की सफरचंदाच्या टपोऱ्या कळ्या उमलण्याआधी हलकेच फोडायच्या, पाकळ्या आणि आतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, म्हणजे नराचा भाग गेला. मग दुसऱ्या एखाद्या झाडाचे सुकवलेले परागकण, त्यांच्या भाषेत पिवळी भुकटी, ब्रशने त्या उरलेल्या मादीच्या टोकावर लावायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची. झाला संकर. ऐकायला सोपं, पण हात जरा जड पडला की कळी मेली. काकांचा हात जड पडत नसे.

फक्त तो हात थांबत नसे, ही पंचाईत. शेजाऱ्यांच्या कुंडीत फूल दिसलं की बोलता बोलता त्याचे पुंकेसर गायब. एकदा एका साहेबांच्या घरी चहाला गेले असताना फुलदाणीतल्या झाडून सगळ्या फुलांचे केसर त्यांनी उपटून बशीत नीट रचून ठेवले होते, आणि हे आपण केलंय याचा त्यांना पत्ताही नव्हता. बायको म्हणायची, "यांना फुलांच्या दुकानावरून नेऊ नका, दुकानदार वंशाला मुकेल."

बायको त्याच केंद्रावर, बियांच्या खोलीत होती. काकांनी जुळवलेल्या संकरातून फळं आली की त्यातल्या बिया काढून, ओल्या वाळूत थंडीचे महिने ठेवून, वसंतात त्या रुजवायच्या हे तिचं काम. तो लग्नं लावणार आणि ही बाळंतपणं काढणार, असं सगळे चेष्टेने म्हणत. ती जिभेला धार असलेली बाई होती, बोलण्यातही आणि चवीतही. कारण चव ओळखावी तर तिनेच. फळं चाखायच्या टेबलावर सगळे साहेब मान डोलवत बसत, ही एक फोड तोंडात टाकून सांगायची, "सुरुवातीला गोड आहे, पण शेवटी तोंडात पाणी राहतं नुसतं. लबाड फळ आहे." काकांना मात्र कुठलंही फळ द्या, उत्तर एकच, "बरं आहे." तीस वर्षांत त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. स्वयंपाकाबद्दलही नाही. त्यावरून घरात जी भांडणं व्हायची ती शेजारपाजारचे आवडीने ऐकायचे.

एका वर्षी सगळी रोपं वर आली, कुंड्यांत गेली, वाळूचे ट्रे उकिरड्यावर रिकामे झाले, आणि त्या फेकलेल्या वाळूत एक कोंब उशिरा, अगदी निवांतपणे उगवला. नियमाप्रमाणे तो गेलाच होता. बायकोने तो उचलून घरी आणला, पत्र्याच्या डब्यात लावला, खिडकीत ठेवला, आणि वर्षभराने मोठ्या साहेबांच्या मागे लागून लागून नव्या बागेतल्या एका ओळीच्या शेवटी, कुंपणाला खेटून, त्याला जागा मिळवली.

"एवढं काय आहे त्याच्यात?" काकांनी विचारलं होतं.

"काय आहे ते फळ आल्यावर कळेल. पहिलं फळ मी खाणार आणि मी सांगणार. तुम्ही तर काय, 'बरं आहे' म्हणून मोकळे व्हाल."

बीपासून वाढलेलं सफरचंदाचं झाड फळाला यायला पाच वर्षं घेतं, सहा घेतं, आठ घेतं. याने कळस केला. शेजारची झाडं फळली, चाखली गेली, नापसंत होऊन तोडलीही गेली, आणि हे आपलं नुसतं उंच वाढत राहिलं. बायको दर वसंतात जाऊन त्याच्याखाली उभी राहायची, वर बघायची, आणि "मेल्या, कधी?" असं विचारून परत यायची. मग एका हिवाळ्यात तिचा खोकला छातीत उतरला आणि वसंत यायच्या आधी ती गेली. झाडाला त्या वर्षीही काही आलं नाही.

त्यानंतर झाडाखाली जाऊन उभं राहायचं काम काकांकडे आलं. ते "मेल्या, कधी?" म्हणत नसत, त्यांच्या तोंडी ते शोभलंही नसतं. ते नुसते उभे राहत. मुलगा दूरच्या शहरात होता, आठवड्याला फोन करायचा, जेवलात का विचारायचा. घरात काका जेवायचे, भांडी घासायचे, रेडिओ लावायचे. एवढं बोलणारं माणूस घरातून गेल्यावर जी शांतता होते ती रेडिओने भरत नाही. तिचं बोलणं पुन्हा एकदा ऐकायला मिळावं, मग ते शिव्या का असेनात, असं त्यांना इतकं वाटायचं की कधी कधी ते मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकायचे आणि वाट बघायचे.

आणि गंमत अशी, गंमत कसली, की तो आवाज जगात शिल्लक होता. बायकोची धाकटी बहीण वर डोंगराच्या कुशीत, त्यांच्या माहेरच्या घरी राहायची. चेहरा वेगळा, चाल वेगळी, पण आवाज तोच, त्यातली शब्द तोडायची ढबही तीच. बायको गेल्यावर महिन्याभराने तिचा फोन आला होता. "अहो दाजी, ऐकताय ना?" एवढंच ती बोलली, आणि काकांच्या हातून फोन पडला. त्यानंतर त्यांनी तिचा फोन कधी घेतला नाही आणि त्या घराची पायरीही चढले नाहीत. ज्या आवाजासाठी जीव तुटत होता त्याच आवाजापासून हा गृहस्थ पळत होता. माणसाचं मन असं आहे, त्याला कोण काय करणार.

मधल्या काळात केंद्रावर जमाना बदलला. नवी लॅब झाली, आणि लॅबमध्ये एक तरुण मॅडम आली. बारीक चणीची, पायात कॅनव्हासचे बूट, आणि काकांना पहिल्या दिवसापासून काका म्हणणारी. तिच्याकडे पानाची तपासणी होती. झाडाचं एक पान घ्यायचं, त्यातली जनुकं तपासायची, आणि फळावर काळे डाग पाडणाऱ्या रोगाशी हे झाड झुंजेल की नाही ते तिथल्या तिथे सांगायचं. पूर्वी जे कळायला दहा वर्षं लागायची ते आता रोप बोटभर असतानाच कळायचं.

त्याहून नवल काचघरात होतं. तिथल्या कुंड्यांतल्या सफरचंदाच्या रोपांत मॅडमने दुसऱ्या एका झाडाचं, लवकर फुलायला लावणारं जनुक घातलं होतं. त्यामुळे ती रोपं वीतभर उंचीची असतानाच फुलायची, आणि बारा महिने फुलत राहायची. काका ती पहिल्यांदा बघून म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" मॅडम पोट धरून हसली. तिने समजावलं, की या रोपांत वर्षाला एक पिढी होते. रानटी सफरचंदातला तो रोगाशी लढायचा गुण भराभर चांगल्या जातीत आणायचा, आणि शेवटच्या पिढीत उतावळेपणाचं जनुक ज्यांना आलेलं नाही तेवढीच रोपं निवडायची. काकांना ते पटलं. हिने आपल्या आयुष्यभराच्या कामाला चाकं लावली, असं त्यांना मनापासून वाटलं. तिथले संकरही काकाच करायचे. फक्त नियम कडक होते. काचघराला एकामागे एक अशी दोन दारं, मधल्या छोट्या खोलीत अंगरखा झटकायचा, हात धुवायचे, आणि तिथल्या परागाचा एक कणही बाहेर जाता कामा नये. नव्या माणसांना हा नियम काकाच शिकवायचे.

मग एव्हाना जुन्या झालेल्या त्या बागेची पानं तपासायची वेळ आली. जी झाडं रोगाला बळी पडणारी ती तोडून जागा मोकळी करायची. ओळीच्या शेवटच्या झाडाचं पान काकांनी स्वतः तोडून दिलं.

"काका," दोन दिवसांनी मॅडम चाचरत म्हणाली, "त्यात नाहीये तो गुण."

"पान खोटं बोलत नाही," काका म्हणाले. "पण एक वर्ष थांबता येईल का?"

तिने का म्हणून विचारलं, आणि काकांनी बायकोची सगळी हकिकत सांगितली. मॅडमने मोठ्या साहेबांशी बोलून ती ओळ शेवटी ठेवली. पानगळ झाली की करवत लागणार, तोपर्यंत मुदत.

आणि त्या वसंतात झाड फुललं. सगळी बाग फुलून, पाकळ्या झडून, हिरवी झाल्यावर, कुंपणाकडच्या फांदीवर कळ्यांचा एकच झुपका आला. गुलाबी, टपोऱ्या, उमलायला टेकलेल्या कळ्या. काका शिडी घेऊन वर चढले. त्यांना काय काय वाटलं ते सांगत बसत नाही. डोळे भरून आले, समोरचं धूसर झालं, आणि ते कितीतरी वेळ मनातल्या मनात तिच्याशी बोलत राहिले. भानावर आले तेव्हा पाकळ्या आणि पुंकेसर जमिनीवर पडले होते आणि चिमटा हातात होता.

दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. पाकळ्या नसलेल्या फुलाकडे मधमाशी ढुंकून बघत नाही. सफरचंदाला स्वतःचा पराग चालत नाही, पण रस्त्याकडेच्या एखाद्या उशिरा फुललेल्या झाडाचा तरी मधमाशीने आणला असता. आता तीही आशा संपली. उरला मार्ग भुकटी लावायचा, आणि भुकटी कुठून आणणार? हंगाम संपला म्हणून फ्रिजमधल्या भुकटीच्या सगळ्या बाटल्या काकांनीच आदल्या आठवड्यात धुऊन पालथ्या घातल्या होत्या. काकांनी कळ्यांवर पिशवी बांधली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. थंड हवेत ही फुलं फार तर तीन-चार दिवस वाट बघणार होती.

दुपारी ते काचघरात गेले. तिथे गुडघ्याएवढी रोपं नेहमीसारखी फुलांनी डवरलेली. ब्रशच्या टोकावर येईल एवढी भुकटी पुरली असती. फळाची चव आईच्या झाडाची असते, पराग कुणाचाही असो. चवीत काही फरक पडला नसता. कुणाला कळलंही नसतं. काकांनी ब्रश फुलावरून फिरवला, कागदात गुंडाळला, खिशात घातला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते त्या दिवशी त्यांना कळलं. पहिलं दार उघडून ते मधल्या खोलीत आले आणि सवयीने अंगरखा झटकू लागले. झटकता झटकता थांबले. बियांत उतरला असता तो उतावळेपणा, आणि बी कुठे जाऊन पडेल याचा भरवसा नसतो. आणि बायकोच्या झाडाला चोरीची भुकटी? तिने कानउघाडणी केली असती. काका परत आत गेले, ब्रश स्पिरिटच्या भांड्यात बुडवला, हात धुतले, आणि सरळ लॅबमध्ये जाऊन मॅडमला सगळं सांगून टाकलं.

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं."

"काका, इथून उंचावर कुठे सफरचंदं आहेत का? वर थंडी उशिरा सरते. तिथे अजून फुलं असतील."

काकांनी मान खाली घातली. हे त्यांना सकाळपासून ठाऊक होतं. बायकोच्या माहेरी, स्वयंपाकघराच्या मागे, जुनं सफरचंदाचं झाड होतं, आणि ते दर वर्षी सगळ्यात शेवटी फुलायचं. चोरी करायला ते निघाले होते, पण त्या घरी जायला त्यांचं पाऊल उचललं नव्हतं.

संध्याकाळच्या बसने ते वर गेले. दाराशी उभे राहिले, कडी वाजवली.

"कोण आहे? दार उघडंच आहे, या!"

काकांनी चौकट धरली. आतून पदराला हात पुसत मेहुणी आली, बुटकी, गोल चेहऱ्याची, बायकोसारखी तसूभर न दिसणारी.

"दाजी? वाट चुकलात का?"

"फुलं हवी होती. मागच्या झाडाची." त्यांनी चार वाक्यांत झाडाची गोष्ट सांगितली.

"म्हणजे आमच्यासाठी नाही आलात." तिचा आवाज चढला. "माझी ताई गेली, आणि तुम्ही तिच्यामागे दारही लावून घेतलंत. मी तिच्याबद्दल बोलायचं कुणाशी? भिंतींशी?"

"तुझा आवाज," काका म्हणाले, आणि थांबले. "तिचाच आहे. मला ऐकवत नाही."

मेहुणी बघत राहिली. तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने तोंडावर हात ठेवला, आणि त्यानंतर एक शब्द बोलली नाही. पाण्याचा तांब्या समोर ठेवला, खुणेने बसायला सांगितलं, खुणेने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. दोघांनी उजेड असेपर्यंत ओंजळी भरभरून कळ्या तोडल्या. काकांनी चाळणीवर कळ्या कशा घासायच्या ते दाखवलं, खाली पडलेले केसर कागदावर पसरून उबेला चुलीजवळ ठेवले. जेवण वाढताना तिने हाताने विचारलं, आणखी हवं? काका "बरं आहे" म्हणाले. घर पूर्वीसारखंच होतं, भांडी तीच होती, आणि इतकी वर्षं ज्या आवाजाला ते भ्यायले होते तो आता एका बाईने त्यांच्यासाठी घशात दाबून धरला होता. सकाळपर्यंत केसर फुटून पिवळी भुकटी मोकळी झाली होती. ती छोट्या बाटलीत भरून काका निघाले. बसपर्यंत मेहुणी सोबत आली, तीही मुक्यानेच. काकांना तिला सांगायचं होतं, बोल गं, आता बोल. पण बस आली.

त्या दुपारी त्यांनी पिशवी उघडून प्रत्येक फुलाला भुकटी लावली. बाकी सगळी गळाली, एकाने फळ धरलं. एका फळाची माणसाने किती काळजी घ्यावी! पाखरांसाठी जाळी, वाऱ्यासाठी दोरी, आणि उन्हाळाभर दिवसातून दोनदा फेरी. मॅडमने विचारलं, झाडाचं कलम करून दुसरीकडे ठेवायचं का? काका नको म्हणाले. रोग घेणारं झाड आहे, उगाच जागा अडवेल. मात्र हे म्हणताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

शेजारच्या ओळींत करवती लागल्या तेव्हा फळ पिकलं. पिवळट, एका गालावर तांबूस, जरा वाकडंच. काकांनी वर निरोप धाडला, आणि मेहुणी सकाळच्या बसने आली. कुंपणापाशी उलट्या टोपलीवर दोघं बसली. काकांनी फळ तोडलं, चाकूने दोन भाग केले, एक तिच्या हातात दिला.

"तू सांग," ते म्हणाले. "मला चवीतलं काही कळत नाही."

तिने एक घास घेतला, सावकाश चावला, आणि त्यांच्याकडे बघून मान हलवली, बरं आहे अशी.

"असं नाही. बोलून सांग."

"चालेल तुम्हाला?" तिने अगदी हळू, कुजबुजत विचारलं.

"मोठ्याने सांग."

मेहुणीने दुसरा घास घेतला. कुंपणापलीकडे करवत थांबली होती.

"आंबट आहे हो," ती म्हणाली, तिच्या खऱ्या, भरल्या आवाजात. "साल जाड आहे. कुणी विकत घेणार नाही. पण गिळल्यावर मागे गोडी राहते, बराच वेळ राहते. लबाड नाहीये."

काकांनी डोळे मिटले. त्यांची फोड हातात तशीच होती, तिला त्यांनी तोंड लावलं नव्हतं.

"अजून सांग," ते म्हणाले.